वास्कोतील बँकेचा परकीय व्यापार कक्ष: साधी एलसी आणि स्टँडबाय एलसी

आमच्या काजू कारखान्याचे खाते वास्कोतील ज्या बँकेत आहे, तिच्या परकीय व्यापार कक्षाविषयी हे मत आहे. पश्चिम आफ्रिकेतून कच्ची काजूबी मागवताना आम्ही आजवर प्रत्येक खेपेला साधी एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) उघडत आलो. या हंगामात विक्रेत्याने सर्व खेपांसाठी मिळून एकच स्टँडबाय एलसी मागितली.

अर्ज पुढे पाठवण्यापूर्वी कक्षातील अधिकारी बाईंनी दोहोंतील फरक ज्या बारकाईने समजावला, तो या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग होय. साध्या एलसीत पैसे बँकेमार्फतच चुकते होतात: विक्रेता बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढवल्याची पावती), बीजक आणि इतर दाखले सादर करतो, आणि ते अटींशी जुळले की बँक पैसे देते. स्टँडबायमध्ये कागद थेट आमच्याकडे येतात, पैसे आम्ही परस्पर पाठवतो, आणि आम्ही पैसे थकवले तरच विक्रेता बँकेकडे मागणी करतो. त्या वेळी त्याला बहुधा थकबाकीचे एक लेखी निवेदन पुरते, आणि ते खरे की खोटे याची चौकशी बँक करत नाही. खरेदीदाराची खरी जोखीम इथेच आहे. म्हणून बाईंनी निवेदनासोबत बिल ऑफ लेडिंगची प्रतही हवी, अशी अट मसुद्यात घालून घेतली.

नियमावलीच्या निवडीबाबतही त्यांचा सल्ला नेमका होता. साध्या एलसीला २००७ पासून लागू असलेले यूसीपी ६०० (एलसीसाठीची आंतरराष्ट्रीय नियमावली) पुरते. स्टँडबायलाही ते लावता येते, पण त्याच्या ३२व्या कलमानुसार ठरलेल्या मुदतीतील एक हप्ता उचलला गेला नाही, तर पुढचे सगळे हप्तेही बाद होतात. पैसे उचलण्याची वेळच येऊ नये, यासाठी असलेल्या साधनाला हे कलम कसे मानवणार? विक्रेत्याने म्हणूनच खास स्टँडबायसाठी केलेले, १९९९ पासूनचे आयएसपी ९८ मागितले होते आणि बँकेने ते विनातक्रार स्वीकारले.

शुल्काच्या बाबतीत मात्र कक्ष ढिला आहे. स्टँडबायचे कमिशन संपूर्ण मुदतीवर आकारले जाते आणि मार्जिनची (बँकेकडे तारण म्हणून ठेवलेली) रक्कम तोवर अडकून राहते, हे तोंडी सांगितले गेले. लेखी दरपत्रक वारंवार मागितल्यावरच हाती आले. वर्षाकाठी एखादीच खेप मागवणाऱ्याने ते पत्रक आधी पाहावे. त्याला साधी एलसीच परवडण्याची शक्यता अधिक आहे.