टीपीए ३११६ चिपचा छोटा स्टिरिओ ॲम्प: मराठवाड्यातल्या घरात कसा चालतो

तळहातावर मावणाऱ्या या ॲम्पच्या डब्यावर ‘१०० वॅट’ छापलेलं असतं. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ डी २ ही क्लास-डी, म्हणजे झपाट्यानं चालू-बंद होत कमी तापणारी, चिप. दहा बाय बाराच्या खोलीत मन लावून गाणी ऐकायची असतील तर हा जरूर घ्यावा, पण ॲडॉप्टर आणि वायरिंगकडे स्वतः लक्ष द्यावं. नव्वद टक्के भांडण तिथंच असतं.

पहिली तक्रार आवाज कमी असल्याची. १०० वॅट म्हणजे ५० अधिक ५०, आणि तेही २१ व्होल्टवर, ४ ओहमच्या स्पीकरवर, १० टक्के डिस्टॉर्शन धरून. म्हणजे आवाज फाटलेला असताना. ८ ओहमच्या स्पीकरवर २४ व्होल्टचा ॲडॉप्टर दिला तर एका बाजूला ३० वॅटच्या आसपास मिळतात. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा जुना ॲडॉप्टर लावला तर वीसेक, आणि १२ व्होल्टवर जेमतेम आठ-नऊ. म्हणून २४ व्होल्ट, ४.५ अँपिअरचाच मागून घ्या. चिपची मर्यादा २६ व्होल्टची आहे, त्यापुढं जाऊ नका. पिनच्या मधोमध प्लस आहे ना, हे मल्टिमीटरनं आधी बघा.

आपल्याकडच्या लाइटीला मात्र हा ॲम्प अगदी मानवतो. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की गावातली लाइन १८० व्होल्टवर उतरते. ॲडॉप्टर १०० ते २४० वर चालणारा असला की आवाजात काही फरक पडत नाही. जुना ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर घुंऽऽ करत बसतो, तो त्रासही इथं फारसा नाही. भारनियमनात १२ व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालतो. बॅटरीजवळ प्लसच्या वायरीत ५ अँपिअरचा फ्यूज टाका. सोलर पॅनलची वायर सरळ जोडू नका. छतावरच्या मोठ्या पॅनलचं मोकळं व्होल्टेज ३५ च्या वर जातं आणि चिप तत्क्षणी जाते. खरी भीती कमी व्होल्टेजची नाही, न्यूट्रल तुटल्यावर येणाऱ्या जादा व्होल्टेजची आहे. त्यासाठी कट-ऑफ असलेलं व्होल्टेज प्रोटेक्टर लावा.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. वायर वाचवायला दोन्ही स्पीकरचं मायनस एकत्र करून तीनच वायरी ओढायची सवय बऱ्याच वायरमनना आहे. जुन्या ॲम्पला बहुधा ते चालायचं. या चिपचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं आहे, स्पीकरची कुठलीच वायर ग्राउंडला जोडलेली नसते. दोन मायनस जोडले की ॲम्प प्रोटेक्शनमध्ये जातो, नाहीतर जळतोच. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र दोन वायरी हव्यात. पाच मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची फ्लेक्सिबल पुरे. घेताना एक तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा.

प्लस-मायनस तपासायला ॲम्पपासून वायर सोडवून टोकांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लागलं असेल तर कोन बाहेर उचलतो. एका स्पीकरचा कोन आत गेला तर तिथं वायर उलटी आहे. तशीच राहिली तर बेस गायब होतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो.

जागेच्या बाबतीत आपल्या घरांचा मोठा घोटाळा म्हणजे शोकेस. टीव्हीच्या शेजारच्या कप्प्यात कोंबलेला स्पीकर भांड्यात बोलल्यासारखा वाजतो, आणि तिथंच ठेवलेला ॲम्प मे महिन्यात तापून बंद पडतो. स्पीकर बाहेर काढा, मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट आणि कोपऱ्यापासून दोन फूट लांब ठेवा. दोघांमध्ये सहा फूट अंतर, तुम्ही समोर साधारण तेवढ्याच अंतरावर. ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला आला पाहिजे. सोफ्यावर बसणाऱ्याचा कान सव्वातीन फुटांवर असतो, सतरंजीवर बसणाऱ्याचा अडीच फुटांवर, म्हणून स्टँड घेण्याआधी घरात कसं बसतात ते बघा. शहाबादी फरशीवरून वरचा आवाज टणकपणे उलटतो. स्पीकर आणि तुमच्या मधोमध जाड सतरंजी किंवा वाकळ अंथरली की फरक लगेच कळतो. पत्र्याचं घर असेल तर बेस वाढवून वाजवा आणि कुठला हूक थरथरतो ते शोधून रबराचा वायसर घाला.

टीव्ही जोडल्यावर घुमारा आला तर डिशची केबल सेट-टॉप बॉक्सच्या मागून काढून बघा. घुमारा थांबला तर दोष ॲम्पचा नाही, ग्राउंड लूपचा आहे, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या ग्राउंडमधून फिरणाऱ्या करंटचा. टीव्हीकडून ॲम्पकडं आवाज नेणाऱ्या आरसीए वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर लावल्यावर तो जातो. दोन पिनच्या ॲडॉप्टरमुळं आरसीएच्या धातूला हात लावल्यावर बारीक मुंग्या येतात, म्हणून जोडाजोड कायम स्विच बंद करूनच करा.

उणी बाजू व्हॉल्यूमच्या बटणाची. स्वस्त मॉडेलमध्ये त्याच्या आतला पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता भाग) उघडा असतो, उन्हाळ्याची धूळ बसली की फिरवताना खरखरतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-पंधरा वेळा फिरवा. खोबरेल तेल घातलं तर धूळ आणखी चिकटते. आणि पैशाची विभागणी करताना ॲम्पवर कमी, स्पीकरवर जास्त. पाच इंची वूफरची (बेसच्या स्पीकरची), ८७ डेसिबलच्या आसपास सेन्सिटिव्हिटी (एवढ्या वॅटला किती आवाज, याचं माप) असलेली जोडी या ॲम्पला बरोबर बसते.