गाडीविना मोठं शहर: नकाशा ॲपच्या भरवशावर आईसोबत तीन दिवस

मला गाडी चालवता येत नाही. शिकायचं राहून गेलं आणि आता पन्नाशीत ती हौसही उरली नाही. त्यामुळे आधी कधीच न पाहिलेल्या मोठ्या शहरात आईला घेऊन तीन दिवस जायचं ठरलं, तेव्हा सगळी मदार फोनमधल्या नकाशा ॲपवर होती. रस्ते दाखवण्याचा भाग सोडून देतो, तो सगळ्यांना माहीत आहे. हे परीक्षण त्यातल्या बस-मेट्रोच्या सोयीचं आहे. ॲपचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेल्या खोडी कमीअधिक प्रमाणात सगळ्यांतच दिसतील. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरतात, पण खोलीत बसून राहायची तिची तयारी नसते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मी ॲपचे जे गुण कापले, त्यातले अर्धे तिच्या गुडघ्यांनी कापलेत.

पाचपैकी साडेतीन. त्यातले तीन तर घरी बसून केलेल्या कामाचेच.

मुक्कामासाठी दोन हॉटेलं मनात होती. पहिलं नकाशावर अगदी मोक्याच्या जागी, बघायच्या ठिकाणांपासून हाकेच्या अंतरावर. दुसरं बरंच लांब. मी दोन्ही पत्ते टाकून पाहिले तर पहिलंच सरस ठरलं. मग लक्षात आलं की ॲप आपणहून ‘आत्ता’ची वेळ धरतं, आणि माझं ‘आत्ता’ म्हणजे मंगळवारची दुपार. मंगळवारी दुपारी कुठलंही शहर सोयीचंच दिसतं. निघायची वेळ बदलून रविवार, रात्री साडेदहा केली आणि चित्र पालटलं. मोक्याच्या हॉटेलकडे जाणारी बस तोवर बंद झालेली, पुढे पस्तीस मिनिटं पायपीट. लांबच्या हॉटेलला मात्र मेट्रो थेट, मध्ये गाडी बदलायची नाही. आम्ही लांबचं घेतलं. कुठे राहायचं हे ॲप तुम्हाला विचारत नाही, ते फक्त कुठून कुठे एवढंच विचारतं. हा प्रश्न आपणच त्याच्या तोंडी घालायचा.

एक सावधगिरी. वाहतूक कंपन्या वेळापत्रक ठरावीक मुदतीपुरतंच देतात, त्यामुळे दोन महिने आधी पाहिलेला मार्ग हा अंदाज समजायचा. निघायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा पाहिलं तेव्हा रविवारी आमच्याच मार्गावर दुरुस्ती निघालेली होती, आणि दोन स्टेशनांमध्ये गाडीऐवजी बस. कळलं म्हणून निभावलं.

हे सगळं मुळात चालतं कसं, याची मला उत्सुकता होती. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात डिसेंबर 2005 मध्ये गूगलने तिथल्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेचं वेळापत्रक घेऊन ही सोय पहिल्यांदा सुरू केली. त्यासाठी थांबे, फेऱ्या, वेळा साध्या फायलींत लिहायची एक पद्धत ठरली. तिचं नाव जीटीएफएस. त्यातला ‘जी’ आधी गूगलचा होता, नंतर ‘जनरल’चा झाला, आणि आज जगभरच्या संस्था आपली वेळापत्रकं त्याच पद्धतीने देतात. गाडी प्रत्यक्षात कुठे आहे हे सांगणारी जोड नंतर आली. ज्या संस्था ती देत नाहीत, तिथे ॲप नुसतं छापील वेळापत्रक वाचून दाखवतं. थांब्यावर उभं राहून ‘2 मिनिटांत’ असं वाचताना हे ध्यानात ठेवा. आम्ही ती दोन मिनिटं एकदा वीस मिनिटं जगलो.

आता गुडघे. याच पद्धतीत स्टेशनातले जिने, लिफ्ट, बाहेर पडायची दारं नोंदवायचीही सोय आहे, पण सक्ती नाही. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ॲपच्या लेखी स्टेशन म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. पहिल्याच दिवशी त्याने ‘गाडी बदला, 4 मिनिटं चाला’ असं सांगितलं. ती चार मिनिटं म्हणजे लांबलचक बोगदा, मग खाली उतरणारा जिना, आणि बोगदा संपला म्हणून हायसं वाटतंय तोच वर चढणारा दुसरा जिना. आई कठड्याला धरून एकेक पायरी चढली. वर पोचल्यावर एवढंच म्हणाली, “तुझ्या फोनला पाय नाहीत, म्हणून त्याचं बरं आहे.” आम्हाला अकरा मिनिटं लागली.

त्या रात्री खोलीत बसून सेटिंग धुंडाळलं. ‘पर्याय’ नावाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरला चालेल असा मार्ग निवडता येतो. ज्यांच्याबरोबर म्हातारं माणूस, बाळाची गाडी किंवा जड बॅग आहे, त्यांनी पहिल्या दिवशीच ते चालू करावं. मार्ग वीसेक मिनिटांनी लांबतो, पण श्वास शिल्लक राहतो. दुसऱ्या दिवशी त्याच मार्गावरची एक लिफ्ट बंद निघाली आणि ॲपला त्याचा पत्ताच नव्हता. ही गोष्ट वेगळी, पण गुण कापले.

बाहेर पडायच्या दाराचा क्रमांक ही दुसरी दुखरी जागा. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला दोनशेहून अधिक दारं आहेत. आमच्या स्टेशनला इतकी नव्हती, पण चुकीच्या दाराने वर आलो आणि समोर सहा पदरी रस्ता. ॲप दार सांगत असेल तर तेवढा आकडा हातावर लिहून ठेवायलाही लाजू नये.

वर आल्यावर निळा ठिपका! उंच इमारतींवर आपटून सिग्नल येतो म्हणून तो भरकटतो, हे मला माहीत होतं. तरीही मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि रस्त्याच्या पलीकडच्या थांब्यावरून उलट्या दिशेची बस पकडली. बसचा क्रमांक बरोबर, रस्ता बरोबर, तोंड मात्र भलतीकडे. तिसऱ्या थांब्याला आई म्हणाली, “अरे, फोनला काय विचारतोस, शेजारच्या बाईंना विचार की.” बाईंनी सांगितलं, आम्ही उतरलो. तेव्हापासून क्रमांकाच्या जोडीने शेवटच्या थांब्याचं नावही वाचूनच पाय वर टाकायचा, असं ठरवलं.

मेट्रोच्या रंगीत आकृतीबद्दलही बोललं पाहिजे, कारण ॲपमध्ये तीही असते. तिचा मूळ नमुना हॅरी बेकचा. विजेच्या जोडण्यांची चित्रं काढणाऱ्या या माणसाने 1931 मध्ये लंडनसाठी सरळ आणि तिरप्या रेषांची आकृती काढली, 1933 मध्ये ती छापून लोकांच्या हातात आली. वाचायला झकास, पण तिच्यात अंतर शोधायचं नसतं. लंडनचीच लेस्टर स्क्वेअर आणि कोव्हेंट गार्डन ही स्टेशनं एकमेकांपासून जेमतेम अडीचशे मीटरवर आहेत. आम्हीही एका ठिकाणी एक गाडी बदलून थाटात पोचलो, आणि परतताना कळलं की चालत बारा मिनिटांचं अंतर होतं. चुकीचं खापर ॲपवर फोडत नाही. पायी जायचा पर्याय शेजारीच होता, मीच दाबला नाही.

किरकोळ गोष्टी पटकन. नकाशा आधी फोनमध्ये उतरवून ठेवला तरी नेट गेल्यावर माझ्या ॲपमध्ये रस्ते दिसले, बस-मेट्रोचे मार्ग नाहीत, म्हणून रोज सकाळी स्क्रीनशॉट काढा. बॅटरी दुपारी तीनलाच मान टाकते. पासाबद्दल ॲपने आम्हाला काहीच सांगितलं नाही, ते त्या शहराच्या वाहतूक संस्थेच्या संकेतस्थळावरच वाचलं. दोन पास की एक, दिवसाचा की तीन दिवसांचा, हा हिशोब आईने कागदावर केला आणि बरोबर केला.

शेवटच्या संध्याकाळी परतताना ॲपने 3 नंबरचं दार सांगितलं. मी फोन धरून तिकडे वळलो, तर आई उलट्या दिशेला निघालेली. “तिकडे जिना आहे. सरकता जिना 5 नंबरला, काल बघून ठेवलाय.” मी फोन खिशात टाकेपर्यंत ती कठडा धरून वर निघालीसुद्धा होती.