हरित उपाय: कुणावर किती संशय घ्यायचा?

फोक्सवॅगनने जगभरात विकलेल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत एक लबाड सॉफ्टवेअर होतं. गाडी चाचणीला लावली आहे हे त्याला कळायचं आणि तेवढ्यापुरता धूर सभ्य व्हायचा. रस्त्यावर आलं की पुन्हा मूळ स्वभाव. हे २०१५ मध्ये उघड झालं. त्याआधी यातल्या कित्येक गाड्या ‘क्लीन डिझेल’ म्हणून मिरवल्या गेल्या होत्या. ‘ग्रीन’ शब्द पाहिला की ज्याच्या कपाळावर आठी चढते, त्याला मी तरी नावं ठेवणार नाही.

पण पृथ्वीला चढलेला ताप खरा आहे का आणि त्यावर ‘ग्रीन’ उपाय विकणारा वैदू खरा आहे का, हे दोन निराळे प्रश्न. पहिल्याचं उत्तर मोजलेलं आहे: कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत उष्णता धरून ठेवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ४२०च्या वर आहेत. वैदू भोंदू निघाला म्हणून ताप उतरत नाही. निवड करायची ती वैदूंमध्ये. पैसे, मत किंवा नुसता विश्वास कुणावर टाकायचा हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: मोजणार कोण, आणि कशाशी ताडून?

कार्बन क्रेडिट की सोलर पॅनल?

विमानाचं तिकीट काढताना थोडे जास्त पैसे भरले की ‘तुमच्या प्रवासाची भरपाई झाली’ असं सांगतात. पुष्कळदा ते पैसे एखादं जंगल राखण्याच्या प्रकल्पाकडे जातात. हिशेब असा: आम्ही राखलं नसतं तर इतकं जंगल तुटलं असतं, तेवढं तुटलं नाही, म्हणून इतक्या टनांची बचत. यातलं ‘असतं’ कुणीच पाहिलेलं नाही. व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात, बाजारात क्रेडिट: वाचवलेल्या दर टन कार्बनचं विकाऊ प्रमाणपत्र. ‘असतं’ जितकं भयानक रंगवाल तितकी क्रेडिट जास्त. विकणाऱ्याला ती हवीच असतात, घेणाऱ्याला स्वस्त पडतात, आणि तपासणी करणाऱ्याची फी बहुधा प्रकल्पच भरतो. आकडा कमी निघावा असं वाटणारा या साखळीत कुणीच नाही.

‘सायन्स’ नियतकालिकात २०२३ मध्ये सहा देशांतल्या अशा २६ प्रकल्पांची तपासणी छापून आली. बहुतेकांनी जंगलतोड म्हणण्यासारखी कमी केलेली नव्हती, आणि ज्यांनी केली त्यांचीही घट दाव्यापेक्षा पुष्कळ कमी होती. जंगल खरोखर राखलं तरी आग आहेच. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये २०२१ साली लागलेल्या ‘बूटलेग’ वणव्यात ज्यांच्यावर क्रेडिट काढली होती अशी झाडंही जळाली. युरोपीय संघाने तर २०२४ मध्ये नियमच केला: केवळ अशा भरपाईच्या जोरावर वस्तूला ‘हवामान-तटस्थ’ म्हणणं सप्टेंबर २०२६ पासून बंद.

आता पॅनल. त्यावरही आक्षेप आहेत, आणि त्यातला एक निव्वळ शिळा आहे: पॅनल बनवायला लागते तेवढी वीज ते कधी परत देतच नाही. आजचं पॅनल साधारण एक-दोन वर्षांत ती फेडतं आणि पंचवीसेक वर्षं चालतं. बाकीचे आक्षेप मात्र जिवंत आहेत. पॅनलमधलं सिलिकॉन शुद्ध करायला प्रचंड वीज लागते आणि चीनमध्ये तिचा मोठा भाग कोळशाचा असतो. तिथल्याच शिनजियांगमधल्या सक्तीच्या मजुरीच्या आरोपांवरून अमेरिकेने २०२१ मध्ये आयातीवर निर्बंध घालणारा कायदा केला. रात्रीचं काय, आणि मोडीत निघालेल्या पॅनलचं काय, हेही सुटलेलं नाही. तरी किती युनिट आली हे मीटरवर दिसतं, आणि मीटरला संकेतार्थ येत नाही. माझं मत अर्थातच पॅनलच्या बाजूने.

धुराड्यातला कार्बन पकडायचा की धुराडंच बंद करायचं?

इथे सरसकट नाक मुरडणारे चुकतात. नॉर्वेच्या स्लाइपनर वायुक्षेत्रात १९९६ पासून नैसर्गिक वायूसोबत निघणारा कार्बन डायऑक्साइड वेगळा करून वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास समुद्रतळाखाली पुरला गेला. तंत्र चालतं. ते का चाललं हे मात्र पाहायला हवं: नॉर्वेने १९९१ मध्येच कार्बनवर कर बसवला होता, त्यामुळे हवेत सोडण्यापेक्षा पुरणं परवडलं. कर नसताना काय होतं? अमेरिकेत मिसिसिपीतला केम्पर प्रकल्प पाहा: कोळशापासून वायू बनवून त्यातला कार्बन पकडणारं वीजकेंद्र व्हायचं होतं. सुरुवातीचा अंदाज ३ अब्ज डॉलरच्या आत, खर्च ७ अब्जांच्या वर, आणि २०१७ मध्ये कोळशापासून वायू बनवण्याचा नाद सोडून केंद्र साध्या नैसर्गिक वायूवर. ऑस्ट्रेलियातल्या गॉर्गन प्रकल्पात नैसर्गिक वायू २०१६ मध्ये निघू लागला, कार्बन पुरणं सुरू व्हायला २०१९ उजाडलं, आणि ठरलेलं उद्दिष्ट हुकलंच.

दुसऱ्या बाजूला ब्रिटन. २०१२ मध्ये तिथली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ला शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं. यातही एक खोट आहे: ड्रॅक्स केंद्रात कोळशाच्या जागी लाकडाच्या गोळ्या जळतात, त्यांतल्या बऱ्याच अमेरिकेतून जहाजाने येतात, आणि त्यांचा धूर वीजक्षेत्राच्या हिशेबात शून्य धरतात. तो जंगलाच्या खात्यात मोजला जावा अशी अपेक्षा असते. झाड मिनिटांत जळतं, वाढायला दशकं लागतात. ही शाईची करामत वजा केली तरी कोळसा गेला तो गेला.

थेट हवेतून कार्बन खेचणारी यंत्रं माझ्या कसोटीला चकवतात. तिथे मोजमाप चोख आहे, पण आइसलंडमधल्या २०२१ च्या ओर्का प्रकल्पाची क्षमता वर्षाला ४,००० टन. जग इंधनं जाळून वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास सोडतं, म्हणजे ओर्काची वर्षभराची कमाई जग चार सेकंदांत उडवतं. संशोधन म्हणून पाठिंबा द्यावा, उपाय म्हणून नाही.

हायड्रोजन की बॅटरी?

गाडीपुरतं बोलायचं तर वाद संपल्यात जमा. शंभर युनिट विजेतून हायड्रोजनच्या वाटेने (विजेने तो बनवून त्यावर गाडी चालवली तर) चाकापर्यंत तीसेक पोचतात, बॅटरीच्या वाटेने सत्तरच्या वर. आज जगात बनणारा जवळपास सगळा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून किंवा कोळशातून येतो, हे आणखी वर. खतं आणि पोलाद यांसाठी मात्र तो लागणार, तिथे त्याची टिंगल नको.

आणि कंपनीच्या धोरणात बसतं म्हणून क्रेडिट घ्यावंच लागलं, तर राखलेल्या जंगलापेक्षा कचरा डेपोतला मिथेन (कार्बन डायऑक्साइडहून कितीतरी जास्त तापवणारा वायू) गोळा करून जाळणाऱ्या प्रकल्पाचं पाहा. तिथेही एक ‘असतं’ उरतंच: कायद्याने तो जाळावाच लागला असता का? हे आधी विचारून घ्या. किती जाळला, हे निदान नळीवरच्या मापकात दिसतं.