पीयूचे पैसे घेतले आणि मारलं एनसी लॅकर

जेवणाच्या टेबलाला दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे बेसमध्ये तो पक्का करणारं हार्डनर मिसळून मारायचं पॉलिश) करायचं, असं पॉलिशवाल्याशी स्पष्ट ठरलं होतं. टेबलावर रोज पाणी सांडणार, गरम भांडी येणार. तिथे लाखेचं पॉलिश पांढरं पडतं. त्याने पीयूचा सीलबंद डबा दाखवला, दरही पीयूचाच लावला. काम चालू असताना मात्र ‘वास उग्र आहे, जवळ येऊ नका’ म्हणून आम्हाला लांब ठेवलं.

झळाळी सुरेख आली. काही महिन्यांतच गरम भांड्यांच्या गोल खुणा उमटल्या, कडांवरचा थर सोलायला लागला. विचारलं तर म्हणाला, तुमच्या वापराने झालं.

दुसऱ्या एका जुन्या कारागिराने टेबलाच्या खालच्या बाजूला एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पातळ करायच्या थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा घासला. थर लगेच चिकट होऊन कापसावर आला. एनसी लॅकर नुसतं थिनर उडून सुकतं, म्हणून थिनर लागताच पुन्हा विरघळतं. दोन घटकांच्या पीयूत हार्डनरची रासायनिक क्रिया होते, आणि पूर्ण पक्कं झालेलं पीयू असं विरघळत नाही. मेलामाइन हे लाकडाचं आणखी एक पॉलिशही हार्डनर घालूनच करतात, त्यामुळे ते या चाचणीत पकडलं जाईलच असं नाही. तिथे डबाच वाचावा लागतो.

खरा संताप पुढच्या नुकसानाचा आहे. लॅकरवर थेट पीयू मारलं तर खालचा थर फुगू शकतो, सुरकुततो. म्हणून सगळं खरवडावं लागलं. वरचं व्हिनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, कागदासारखं पातळ. घासताना एका कोपऱ्यात खालचा प्लाय उघडा पडला, आणि तो आता कोणत्याच पॉलिशने झाकला जात नाही.

तेव्हा पीयू करून घेणार असाल तर कंपनी, प्रकार आणि किती हात मारणार हे लिहून घ्या. बेस आणि हार्डनर दोन्ही डबे तुमच्यासमोर फोडले जाऊ देत, मिश्रणही समोरच होऊ दे. हे मिश्रण काही तासांतच वापरावं लागतं. कालचं उरलेलं आज पातळच्या पातळ दिसलं तर तिथेच काम थांबवा. त्याच लाकडाच्या तुकड्यावर प्रत्येक हात मारून घ्या आणि तो तुकडा जपून ठेवा. शेवटचा हप्ता थर पक्का होऊन थिनरचा बोळा फिरवल्यावरच द्या. आमच्या पॉलिशवाल्याने पैसे परत केलेले नाहीत, आणि फोनही उचलत नाही.