पट्टीखाली डोळाच नव्हता: 'बारमाही सीडलेस लिंबा'चे 2,96,250 रुपये

एका कंपनीने बारमाही सीडलेस, म्हणजे बिनबियांच्या, लिंबाची कलमं म्हणून आम्हाला भलतीच रोपं विकली. आधी हिशेब, कारण लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. 870 रोपं, 120 रुपयाला एक, म्हणजे 1,04,400. टेम्पोभाडं 6,500. 'नोंदणी व करार शुल्क' 11,000. तीन हप्त्यांत गळ्यात मारलेलं 'बारमाही बूस्टर किट' 18,700. हे 1,40,600 रुपये सरळ त्यांच्या खिशात गेले. आमच्या बाजूने खड्डे 21,750, शेणखत आठ ट्रॉल्या 28,000, लावणीची मजुरी 9,600 आणि साडेतीन वर्षांची खतं, फवारण्या, निंदण 96,300. एकूण 2,96,250. ठिबक यात धरलेलं नाही, ते निदान वावरात आहे. दोन एकर ओलिताची साडेतीन वर्षं कुठल्या रकान्यात लिहायची ते कळलं नाही म्हणून लिहिली नाहीत.

आज त्या 870 पैकी 28 मेलेली, 611 जंबेरी, 190 रंगपूर लाईम आणि 41 खरी सीडलेस लिंबाची कलमं आहेत. जंबेरी म्हणजे विदर्भात ज्याच्यावर संत्र्याचा डोळा (फांदीवरचा अंकुर) भरून कलम करतात तो खुंट, म्हणजे मुळांकडचं खालचं झाड. रंगपूर लाईमसुद्धा खुंटच. म्हणजे कलम म्हणून आम्हाला कलमाची खालची अर्धी बाजू विकली.

साखळी कशी चालते ते सांगायला नको. इमू पक्षी झाले, कडकनाथ कोंबड्या झाल्या, तोच साचा: झाड आमचं घ्या, माल आम्हीच उचलू. 100 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करार, दहा वर्षं 35 रुपये किलोने खरेदी, तिसऱ्या वर्षापासून झाडामागे 40 किलो. कागदावर गुणाकार केला की वर्षाला 12,18,000 रुपये दिसतात. कागदी लिंबाचं फळ 40 ते 50 ग्रॅमचं. सीडलेस त्याहून मोठं असतं हे मान्य, पण तरी 40 किलो म्हणजे काही शेकडे फळं, आणि तीही दहा बाय दहा फुटांवर कोंबलेल्या तिसऱ्या वर्षाच्या पोराएवढ्या झाडावर. हा हिशेब बोटांवर होतो. आम्ही तो नंतर केला.

'बारमाही' या शब्दाला मात्र आम्ही भुललो ते उगाच नाही. लिंबाला वर्षभर थोडीफार फुलं असतातच, त्यामुळे हा शब्द पूर्ण खोटा वाटत नाही. पण बाजारभावाचं लिंबू वेगळं. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार सगळ्यांत मोठा, आणि त्याचं फळ नेमकं पावसाळ्यात येतं, जेव्हा लिंबाला कुणी विचारत नाही. जून-जुलैचा मृग त्याखालोखाल. उन्हाळ्यात ज्याचे पैसे होतात तो सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त, आणि तो निसर्गतः जेमतेम दहावा हिस्सा. कारण सरळ आहे: बहाराला ताण लागतो, म्हणजे झाडाचं पाणी तोडावं लागतं, आणि हस्ताच्या आधी पाऊस ताण बसू देत नाही. भारी काळ्या जमिनीत तर नाहीच. हस्त बहारासाठी कृषी विद्यापीठाची तीन फवारण्यांची शिफारस आहे, जूनमध्ये जिबरेलिक आम्ल 50 पीपीएम, सप्टेंबरमध्ये सायकोसिल 1000 पीपीएम, ऑक्टोबरमध्ये पोटॅशियम नायट्रेट 1 टक्का. याने हस्ताचा वाटा वाढतो, झाड बारमाही होत नाही. एकाच झाडाकडून तिन्ही बहार सारखे मागितले तर ते झाड लवकर संपतं. जो कुणी 'ताण नको, बहार धरणं नको, बारा महिने तोडा' म्हणेल, त्याला चहासुद्धा देऊ नका.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून कानशिलं तापतात.

टेम्पो आला 11 जुलै 2021 ला, संध्याकाळी सातला, रिमझिम पावसात. प्रत्येक रोपाच्या खोडाला टीचभर उंचीवर पांढरी प्लास्टिकची पट्टी बांधलेली. कलम म्हटलं की पट्टी असतेच. वरच्या कॅरेटमधली दहा रोपं उचलून पाहिली. पट्टी सोडली, खाली डोळ्याची खूण, तिथून खोडाला हलका बाक, खालची साल खरबरीत, वरची गुळगुळीत. अगदी पुस्तकातलं कलम. समाधानाने पट्टी परत गुंडाळली. वरच्या कॅरेटमध्ये खरी कलमं होती, 41. ती दुसऱ्या दिवशी विहिरीजवळच्या पहिल्या ओळीत आणि दुसरीच्या तोंडाला लागली, आणि आजही फक्त तिथेच लिंबं आहेत. खालच्या कॅरेटांतल्या रोपांच्या पट्टीखाली काहीच नव्हतं. चीर नाही, डोळा नाही, अखंड साल. बियांपासून उगवलेल्या जंबेरीच्या रोपाला नुसती पट्टी गुंडाळलेली.

शिवाय कंपनीचा माणूस जाताना सांगून गेला: 'पट्टीचा भाग मातीत गाडा, वरून पण मुळं फुटतात, झाड जोरात चालतं.' इथे आम्ही त्याला टेम्पोत बसवून परत पाठवायला हवं होतं. लिंबूवर्गीय झाडाचा कलमजोड मातीत कुणी गाडत नाही. तो जमिनीपासून निदान सहा इंच वर ठेवायचा, कारण मातीतली फायटोप्थोरा बुरशी जोडाला लागली की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, ठरलेला. धुऱ्यावर बारा संत्र्याची झाडं असलेल्या घराला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याला झाड जगवायचं नव्हतं, पट्टी नजरेआड करायची होती. आणि आम्ही 870 रोपं पट्टीसकट गाडली, वर माती दाबून.

थोडी आमचीही बाजू ऐका. लिंबाच्या रोपाला डोळा बघायची आपल्याकडे सवय नाही. कागदी लिंबू बहुधा बियांपासूनच लावतात. एका बीतून दोन-तीन रोपं निघतात आणि ती बहुतेक मूळ झाडासारखीच येतात, त्यामुळे कलमाची गरज पडत नाही. पण सीडलेस म्हणताना अक्कल चालायला हवी होती. ज्याला बी नाही त्याचं रोप बियांपासून होईलच कसं? ते डोळा भरून तरी केलेलं असेल नाहीतर गुटीचं, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळं फोडून केलेलं असेल. गुटीच्या रोपाला सोटमूळ नसतं, मुळांचा झुपका असतो. आमच्या पिशव्या फाडल्या तेव्हा सरळ सोटमूळ खाली जाऊन पिशवीच्या तळाशी गुंडाळलेलं होतं. गुटी नव्हे हे तिथेच दिसत होतं. लावताना ती गुंडाळी कापलीसुद्धा, आणि तरी डोक्यात काही पेटलं नाही. मे महिन्यात भरलेले खड्डे पावसाने बसत होते, 300 रुपये रोजाचे मजूर उभे होते. रोपवाटिका पाहायला जायचं ठरलं होतं तेव्हा एप्रिल-मेचे कोरोनाचे निर्बंध. 'व्हिडिओ पाठवतो' म्हणाले. पाठवला. कुणाच्या रोपवाटिकेचा, देव जाणे.

पुढची दोन वर्षं बाग अशी फोफावली की रस्त्याने जाणारे थांबून विचारत. जंबेरी जोमदारच, म्हणून तर त्याला खुंट करतात. सीडलेस लिंबाला काटे जवळपास नसतात, आणि आमच्या झाडांचे काटे ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये शिरत होते. विचारलं तर 'कोवळेपणी काटे येतात, तिसऱ्या वर्षी जातात.' 2022 च्या उन्हाळ्यात बाजारात एकेक लिंबू दहा-दहा रुपयाला गेलं तेव्हा तर आम्ही स्वतःला गावातले सर्वांत शहाणे समजत होतो. किटच्या बाटलीवर घटक लिहिलेले नव्हते. पण करारात अट होती, 'किट न वापरल्यास खरेदी हमी रद्द.' म्हणून 18,700 ची ती बेनावाची पाणीवजा बाटली मुळाशी ओतत राहिलो.

सप्टेंबर 2024 मध्ये फळं दिसली. जंबेरीचं फळ खडबडीत, जाड सालीचं, आत रस कमी आणि बियाच बिया. रंगपूरचं तर कापल्यावर आत संत्र्यासारखं केशरी, साल सैल, चव आंबट. अडत्याने एक कॅरेट उलटवलं आणि फक्त म्हणाला, 'हे परत घेऊन जा, भाऊ.' कंपनीचे दोन्ही नंबर बंद. करारावर कंपनीचं नाव, पैसे मात्र 60,000 रोख आणि बाकीचे एका माणसाच्या खासगी खात्यावर गेलेले. खातं कुणाच्या नावावर आहे हे पैसे पाठवतानाच स्क्रीनवर दिसतं. तिथेच थांबा.

मग सुरू झाली कचेऱ्यांची वारी. तालुक्याच्या कृषी कार्यालयात सांगितलं, पंचायत समितीत जा. पंचायत समितीत सांगितलं, आम्ही बियाणं-खतं बघतो, झाडं नाही. अहो, 1966 च्या बियाणे कायद्यात 'बियाणे' या शब्दाच्या व्याख्येतच रोपं आणि सर्व प्रकारची कलमं येतात. फळरोपवाटिकांसाठी महाराष्ट्राचा 1969 चा वेगळा कायदाही आहे, विनापरवाना फळरोपं विकताच येत नाहीत. हे आम्ही त्यांना छापून नेऊन दाखवलं. साहेबांनी कागद उलटा-सुलटा केला आणि विचारलं, 'पावतीवर परवाना क्रमांक आहे का?' होता. शोधला तर तो खतविक्रीचा निघाला, तोही दुसऱ्या जिल्ह्यातला. मग काय, 'त्या जिल्ह्यात तक्रार करा.' त्या जिल्ह्याने आमचा अर्ज 'योग्य कार्यवाहीस्तव' आमच्याच तालुक्याला पाठवला. ठाण्यात 'करार केलाय ना, मग हे दिवाणी आहे.' करार करून फसवलं तर ती फसवणूक नसते, हे आम्हाला तिथे कळलं. ऑनलाइन तक्रार टाकली, ती एका शनिवारी आपोआप 'निकाली' झाली.

पंचनामा मागितला ऑक्टोबर 2024 मध्ये. पाहणी झाली फेब्रुवारी 2025 मध्ये, चार महिन्यांनी, सगळी फळं गळून गेल्यावर. साहेब बांधावरूनच बघून गेले. पंचनाम्यात लिहिलं: 'झाडांची वाढ समाधानकारक.' जंबेरीची वाढ समाधानकारक असतेच! लिंबाच्या बागेत लिंबू आहे का, हा रकानाच त्या नमुन्यात नाही. तेव्हा फळं झाडावर असतानाच तारखेसकट फोटो काढा, फळ कापून काढा, चार पंचांच्या सह्या घ्या, आणि कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा विद्यापीठाच्या तज्ज्ञाचा अभिप्राय लेखी मिळवा. आम्ही साहेबांची वाट पाहत बसलो.

ग्राहक आयोगाचा रस्ता खुला आहे. शेतकरी हा ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने बियाण्यांच्याच प्रकरणात जानेवारी 2012 मध्ये सांगितलेलं आहे. आपण मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि स्वतःच्या जिल्ह्यात दाखल करता येते. पण मुदत दोन वर्षांची. ती पावतीच्या तारखेपासून मोजायची की फळ दिसल्यापासून, यावरच समोरचा वकील वर्ष काढू शकतो. म्हणून फळाची वाट पाहू नका. रोप उतरवतानाच बघा: वरचं नाही, तळाच्या कॅरेटमधलं, वीसातलं एक. पट्टी सोडून इंग्रजी 'टी' सारखी चीर शोधा. पान चुरगळून वास घ्या, आणि तो खात्रीच्या झाडाच्या पानाशी ताडून पाहा. बिलावर जात, खुंट आणि रोपवाटिकेचा परवाना क्रमांक लिहून घ्या. 'अनुदानाचं आम्ही बघतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहा. परवानाधारक रोपवाटिकेच्या बिलाशिवाय फळबाग योजनेचं अनुदान बसत नाही, हे आम्हाला अर्ज परत आल्यावर समजलं.

ज्यांच्या वावरात हेच उभं आहे त्यांनी सगळं उपटू नये. खुंट म्हणून जंबेरी आणि रंगपूर दोन्ही चांगलेच. दहा बाय दहामधली एकाआड एक ओळ आणि राहिलेल्या ओळींत एकाआड एक झाड काढलं की वीस बाय वीसवर साधारण 217 झाडं उरतात, संत्रा-मोसंबीला ते अंतर पुरतं. खोड दोन फुटांवर तिरकं कापायचं, जखमेला बोर्डो मलम लावायचं (मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर), येणाऱ्या फुटव्यांतले चारही दिशांचे तीन-चार ठेवायचे. ते पेन्सिलीएवढे झाले आणि साल सुटायला लागली की डोळे भरायचे. डोळे खात्रीच्या मातृवृक्षाचेच. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था याच कामासाठी आहे. डोळ्याखालची फूट सतत खुडत राहा, नाहीतर जंबेरी परत डोकं काढेल. या झाडांत गाडलेल्या जोडाची भीती नाही, त्यांना जोडच नव्हता. तरी खोडाभोवतीची माती उकरून मोकळी केली.

आम्ही त्यातली 100 झाडं कापलेली नाहीत. 'समाधानकारक' हा शेरा खोडायला दुसरा पंचनामा हवा, आणि त्या अर्जावर 'सद्यःस्थितीत फळे नसल्याने तपासणी शक्य नाही' असं लिहून आलं आहे. म्हणून त्या शंभर झाडांना मे महिन्यात पाणी तोडलं, ताण दिला आणि मृग बहार धरला. खत घातलं, पानं पोखरणाऱ्या नागअळीला दोन फवारण्या केल्या. 4,350 रुपये गेले, ते वरच्या हिशेबात नाहीत.

जंबेरीला बहार चांगला लागलाय.