आडगावच्या बोअरवर सॉफ्टनर : आठ महिन्यांचा अनुभव

मार्चमध्ये घरी २५ लिटर रेझिनचा ऑटोमॅटिक सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं मशीन बसवलं. रेझिन म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारे बारीक मणी; ते भरले की मशीन त्यांना मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा ताजे करतं. प्यायला गंगापूर धरणाचं नळाचं पाणी येतं, वापराला मात्र बोअर. खाली काळा कातळ, त्यामुळे पाणी जड. दोन वर्षांत गिझरची कॉइल दोनदा गेली होती.

सुरुवातीला निराशाच झाली. चार दिवस पाणी छान, पाचव्या-सहाव्या दिवशी नळावर पुन्हा पांढरे डाग. मशीन खराब निघालं असंच वाटलं. मग हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा मोजायचं किट आणलं. बाटलीत पाणी घ्यायचं, इंडिकेटर टाकला की ते गुलाबी होतं, मग हलवत हलवत किटमधल्या दुसऱ्या द्रावणाचा एकेक थेंब सोडायचा. तेविसाव्या थेंबाला जांभळट होतं, चोविसाव्याला लख्ख निळं झालं. आमच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅम हार्डनेस, म्हणजे एकूण ४८०. बसवणाऱ्याने पाणी न मोजताच मशीनमध्ये ३०० चा आकडा भरला होता!

हिशोब सरळ आहे. रेझिनच्या दर धुण्याला ३ किलो मीठ घेऊन आमचं रेझिन साधारण १२०० ग्रॅम हार्डनेस धरतं. ३०० ने ४००० लिटर निघतात, ४८० ने फक्त २५००. आम्हा पाच जणांना रोज साडेसहाशे लिटर लागतं, म्हणजे चौथ्या दिवशीच रेझिन संपत होतं आणि मशीन सहाव्या दिवसाची वाट बघत होतं. आकडा बदलला, थोडी शिल्लक ठेवून २३०० लिटरवर लावलं. त्या दिवसापासून डाग नाहीत.

मग आईची तक्रार, "अंगावरचा साबण निघतच नाही." पाणी अगदी शून्यावर आलं की तसं बुळबुळीत लागतं. थोडं बोअरचं पाणी तसंच मिसळू देणारा बायपासचा व्हॉल्व्ह किंचित उघडून चार थेंबांवर, म्हणजे ८० वर आणलं. आता आईही खूश.

जुलैत एकदा मीठ भरलेलं असून पाणी जड आलं. टाकीत काठी घातली तर वर मिठाची कडक पापडी आणि खाली पोकळी. मी बारीक मीठ वापरत होतो, दमट हवेत ते धरलं. तेव्हापासून खडे मीठ, तेही अर्ध्या टाकीपर्यंतच.

शेजारच्या काकांनी टीडीएस मीटर (पाण्यातले एकूण क्षार दाखवणारं) बुडवून "काहीच फरक नाही" म्हटलं. फरक दिसणारच नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम जाऊन सोडियम येतं, एकूण क्षार जवळपास तेवढेच राहतात. हे सोडियम झाडांना चांगलं नाही, म्हणूनच तुळशीला आणि बागेला मी थेट बोअरची वेगळी लाइन ठेवली आहे.

खटकतं ते एकच, रेझिन धुतलेलं खारट पाणी. दर वेळी दोनशे लिटरच्या आसपास गटारात जातं. सप्टेंबरात पावसाने बोअर भरल्यावर पुन्हा मोजलं तर सोळाच थेंब, ३२०. सेटिंग बदललं, धुणं चारऐवजी साडेपाच दिवसांवर गेलं आणि महिन्याचं मीठ २३ किलोवरून १६-१७ वर आलं. फेब्रुवारीत पाणी खाली जाईल तेव्हा पुन्हा थेंब मोजणार.