'लिव्हर मार्कर'च्या नावाखाली आमच्या मामांना लुबाडलं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या खेड्यांत 'मोफत लिव्हर तपासणी' म्हणत एक टोळी फिरतेय. आमच्या मामांकडून त्यांनी साडेचौदा हजार रुपये उकळले. दुसऱ्या कुणाच्या घरी हे होऊ नये म्हणून लिहितोय.

देवळाच्या सभामंडपात टेबल मांडलेलं. पांढऱ्या कोटातली दोन पोरं आणि एक बाई. "मामा, बसा निवांत, काय दुखतंय खुपतंय ते सांगा." आपल्याकडे सरकारी दवाखान्यातला कागद कानडीत, त्यात म्हातारी माणसं आधीच बावरलेली. तिथं कुणी आपल्या भाषेत मायेनं विचारलं की विश्वास बसणारच. त्याच विश्वासावर त्यांनी धंदा केला, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याची आहे.

बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब एका पट्टीवर घेतला. थोड्याच वेळात रंगीत कागद हातात: 'लिव्हर प्रोटीन मार्कर ७८', शेजारी लाल बाण. "साठ टक्के लिव्हर गेलंय, कॅन्सरकडे चाललंय." मामी तिथंच रडायला लागली. लगेच पावडरीचे डबे आणि काढ्याच्या बाटल्या पुढ्यात आल्या. सोसायटीच्या हप्त्याला ठेवलेले पैसे त्यात गेले.

तो कागद मी उजेडात धरून वाचला. कोणतं प्रोटीन, ते नाही. एकक नाही, नॉर्मल किती ते नाही. लॅबचा पत्ता नाही, सहीखाली डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही.

रक्तातली प्रोटीनं लिव्हरबद्दल सांगतात हे खरंच आहे, म्हणून तर माणूस फसतो. अल्ब्युमिन लिव्हरच तयार करतं. नॉर्मल साधारण ३.५ ते ५ ग्रॅम, दर डेसिलिटर (१०० मिली) रक्तामागे. पण एकदा तयार झालेलं अल्ब्युमिन रक्तात बरेच दिवस टिकतं, त्यामुळे आजार बराच पुढे जाईपर्यंत ते ठीक येऊ शकतं. उलट किडनीच्या दुखण्यातही ते उतरतं. कॅन्सरसाठी बघतात ते एएफपी, म्हणजे अल्फा फिटोप्रोटीन. ते गरोदरपणात वाढतं, लिव्हरला सूज असली तरी वाढतं, आणि लिव्हरचा कॅन्सर असूनही कित्येकांचं नॉर्मल येतं. म्हणून डॉक्टर जोडीला सोनोग्राफी करायला सांगतात. एका आकड्यावरून "साठ टक्के गेलं" असं सांगताच येत नाही.

मामांना बेळगावला एका एमडी डॉक्टरांकडे नेलं. लिव्हरची एन्झाइम एसजीओटी २४ आणि एसजीपीटी ३०, प्लेटलेट अडीच लाख, अल्ब्युमिन ४.२, एएफपीही नॉर्मल. मामांचं वय ५८. वय, ही दोन एन्झाइम आणि प्लेटलेट यांवरून डॉक्टरांनी फिब-४ नावाचा हिशेब मांडला. तो साधारण १ आला. १.३ च्या खाली असला तर लिव्हर व्रण पडून फार घट्ट झालेलं असण्याची शक्यता कमी, असं त्यांनी समजावलं. सोनोग्राफीत थोडी चरबी दिसली. वजन उतरवा, रोज चाला, एवढंच. पावडर मात्र त्यांनी त्याच क्षणी बंद करायला लावली, कारण आत काय आहे ते डब्यावर कुठंच नाही आणि असल्या औषधांनी चांगलं लिव्हरही सुजतं.

कुणी यात अडकलं असेल तर डबे, कागद आणि फोनपेची नोंद फेकू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. आम्ही तालुका आरोग्याधिकाऱ्यांकडेही अर्ज देऊन पोच घेतलीय. गावात शिबिराचा बोर्ड लागला तर रक्त देण्याआधी आशाताईंना आणि पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना (पीडीओ) विचारा. सरकारी शिबिर असेल तर त्यांना आधीच माहीत असतं.